लेड झेपेलिनची कमी ऐकलेली गाणी: दोन अकूस्टिक, पेटी आणि तबल्यावर कोणती बसतील?

शहापूर_सहातारा (बेळगाव)

गणपतीतल्या एका संध्याकाळी मंडळाच्या स्टेजवर पाऊण तास लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी वाजवायचं ठरलंय. दोन अकूस्टिक गिटार, एक बेस, तबला, पेटी आणि एक गायक. ड्रमसेट नाही, इलेक्ट्रिक गिटार नाही. गल्ली अरुंद, समोरासमोर दारं. 'स्टेअरवे टू हेवन' आणि 'काश्मीर' यादीतून आधीच काढलीत. ती लोकांना इतकी पाठ आहेत की एक सूर इकडचा तिकडे झाला तर पुढची रांग लगेच मागे वळून बघते.

हवी आहेत ती कमी ऐकलेली, पण ऐकली की माणूस 'हे कुठलं?' म्हणून विचारेल अशी. गायकाचा आवाज काळी एकचा. तार सप्तकात मध्यमापर्यंत नीट जातो, त्याच्यावर मूळ गायक रॉबर्ट प्लांटच्या मागे धावायला गेला तर नुसतं ओरडणं होतं. प्रत्येक गाण्याचं ट्यूनिंग, म्हणजे गिटारच्या तारा कोणत्या सुरांना लावायच्या, ते सांगितलंत तर बरं होईल. आणि भर पावसात काय काय बिघडतं तेही सांगा.

खानापूर_कॅपो

गाणी नावावरून निवडू नका, ट्यूनिंगवरून निवडा. झेपेलिनचा गिटारवाला जिमी पेज, त्याची अकूस्टिकवरची बरीच गाणी सरळ ट्यूनिंगमध्ये नाहीत. स्टेजवर दोन गाण्यांच्या मध्ये चार-चार खुंट्या पिळत बसलात तर लोक चहाला जातात, मग परत येत नाहीत.

पहिली गिटार पूर्ण संध्याकाळ एकाच ट्यूनिंगमध्ये ठेवा: जाड तारेकडून बारीक तारेकडे सी-ए-सी-जी-सी-ई. पेटीच्या भाषेत पांढरी एकला सा धरून सा ध सा प सा ग. यात तीन गाणी बसतात. 'ब्रॉन-यर-ऑर' हे दोन मिनिटांचं नुसतं गिटारचं आहे. 'फ्रेंड्स' १९७० च्या तिसऱ्या अल्बमवर आहे. तिसरं 'पुअर टॉम', जे १९७० मध्ये रेकॉर्ड झालं आणि थेट १९८२ च्या 'कोडा'वर बाहेर आलं. 'ब्रॉन-यर-ऑर'सुद्धा १९७० चंच, पण ते 'फिजिकल ग्राफिटी'वर १९७५ मध्ये आलं, त्यामुळे तिसरा अल्बम पाठ असलेल्यांच्याही कानावरून ते निसटतं.

आता या ट्यूनिंगमधली अडचण. सहावी तार ई वरून सी वर, म्हणजे चार फ्रेटइतकी खाली येते (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या, एक फ्रेट अर्धा सूर). ताण जवळजवळ ३७ टक्क्यांनी उतरतो. १२-५३ चा सेट (हे तारांच्या जाडीचे आकडे) असेल तर सहावी तार लोंबते आणि जरा जोरात मारली की फ्रेटवर खडखडते. बाकीचा सेट तोच ठेवून फक्त सहावी ५६ ची घाला. नटमधल्या (मानेच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) खाचेत ती अडकत असेल तर खाच कानशीने थोडी रुंद करावी लागते. हे काम घरी करू नका, खाच खोल गेली की नटच बदलावा लागतो. पाचवी आणि तिसरी तार जागेवरच राहतात, पहिलीही. चौथी दोन फ्रेट खाली, दुसरी एक फ्रेट वर. एवढंच.

'फ्रेंड्स'मध्ये सा धरलेला असताना तीव्र मध्यम सारखा येऊन टोचतो, त्या गाण्याची सगळी मजा त्यात आहे. पेटीवाल्याने चुकून शुद्ध मध्यम धरला तर गाणं एकदम गोड होतं आणि मरतं. रेकॉर्डवर ड्रमसेट नाही, हाताने वाजवायचं तालवाद्य आहे, त्यामुळे तबला इथे उसना वाटणार नाही. वरची व्हायोलिनची बाजू त्यांच्या बेस-कीबोर्डवाल्या जॉन पॉल जोन्सने बांधलेली, ती पेटीला द्या.

आणि हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगायला हवं: पेज आणि प्लांट १९७२ मध्ये मुंबईत स्टुडिओत बसले होते आणि तिथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी त्यांनी पुन्हा रेकॉर्ड केली. अधिकृतपणे ती २०१५ मध्ये, 'कोडा'च्या वाढीव आवृत्तीत आली. 'फोर स्टिक्स'चं नाव तिथे 'फोर हँड्स' आहे. तुमच्याकडची वाद्यं बघता मूळ रेकॉर्डपेक्षा तेच समोर ठेवून बसवा.

निपाणीचा_ठेका

'फोर स्टिक्स'चा विषय निघालाच आहे तर तबलजीला आधीच सांगून ठेव भावा, हे गाणं केहरव्यात बसत नाही. नाव तसं पडलं कारण त्यांचा ड्रमर जॉन बोनमने दोन्ही हातात दोन-दोन काठ्या धरून ते वाजवलं. ताल पाच आणि सहाचा. रिफ (परत परत येणारी गिटारची ओळ) पाचात फिरतो, मधला मोकळा भाग सहात जातो.

झपतालाचा पहिला अर्धा घे: धी ना धी धी ना. तेवढाच पाच मात्रांचा तुकडा परत परत. सहाचा भाग आला की दादरा: धा धी ना धा ती ना. सगळी गडबड सांध्यावर होते. पाचातून सहात जाताना हात आपोआप लय वाढवतो, कारण दादरा म्हटलं की उडत्या चालीची सवय असते. मात्रेची लांबी दोन्हीकडे तीच राहिली पाहिजे. सरावाला मेट्रोनोमचा टोला प्रत्येक मात्रेवर लावा, समेवर नको. समेवर लावला की मधल्या मात्रा कुठे पळाल्या ते कळतच नाही. बेसवाल्याने तोंडाने मात्रा मोजायच्या नाहीत, तबल्याच्या 'धी'वर कान ठेवायचा. दोघं दोन ठिकाणी मोजायला लागले की चौथ्या आवर्तनात फाटतंय बघ.

झेपेलिनने हे स्टेजवर एकदाच वाजवलं, १९७१ मध्ये कोपनहेगनला. त्यांनाच ते जड गेलं म्हणायचं, तेव्हा तुम्ही चार वेळा थांबलात तरी वाईट वाटून घेऊ नका.

दुसरं तबल्याच्या सुराचं. कॅपोभाऊंनी सी चं ट्यूनिंग दिलंय, बाकीची गाणी डी, जी, ए मध्ये असणार. एक तबला एवढा वरखाली होत नाही. गजऱ्यावर (पुडीच्या कडेची वेणी) ठोकून अर्धा सूर, फार तर एक सूर हलवता येतो. त्याच्या पुढे गेलात तर पुडी एका बाजूला ओढली जाते आणि चाट चारी बाजूंनी सारखी बोलत नाही. दोन तबले न्या. एक पांढरी दोनला लावलेला: तो डी च्या गाण्यात सा देतो, जी च्या गाण्यात पंचम, ए च्या गाण्यात मध्यम. तिन्हीकडे चालतो. दुसरा मोठ्या तोंडाचा, पांढरी एकला, फक्त सी च्या गाण्यांसाठी.

पावसात पुडी ओल धरते आणि तबला उतरतो, डग्गा तर थपथप वाजायला लागतो. स्टेजवर जायच्या तासभर आधी वाद्यं उघडून तिथल्या हवेत ठेवा, मग सुरात लावा. खोलीत लावून गोणपाटात गुंडाळून आणलेला तबला स्टेजवर दहा मिनिटांत बदलतो. हीटरसमोर किंवा हॅलोजनखाली धरू नका, शाईला तडे जातात.

शंभर_वॅट (टिळकवाडी)

झेपेलिनची अनोळखी गाणी म्हटली की सगळे तिसऱ्या अल्बमकडे का धावतात, कळत नाही. खरं दुर्लक्षित काम 'प्रेझेन्स'वर आहे, १९७६ चं. प्लांट अपघातानंतर व्हीलचेअरवर होता, म्युनिकमध्ये तीनेक आठवड्यांत सगळं उरकलं, कीबोर्ड कुठेच नाही. 'फॉर युअर लाइफ' ऐका. बँड चालू असताना स्टेजवर कधीच वाजलं नाही, पहिल्यांदा वाजलं ते १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या कार्यक्रमात. आणि 'ॲकिलीज लास्ट स्टँड', सव्वादहा मिनिटांच्या वर, गिटारवर गिटार रचलेली.

पण हे पेटी-तबल्यावर होणार नाही, उगाच प्रयत्नही करू नका. 'टेन इयर्स गॉन'चंही तेच. त्यात गिटारचे इतके थर आहेत की स्टेजवर वाजवायला जोन्सने तीन मानांचं वाद्य गळ्यात अडकवलं होतं. दोन अकूस्टिकवर त्याचा सांगाडा तेवढा उरतो.

तुमच्या सामानात बसण्यासारखं एक सांगतो: 'नाइट फ्लाइट'. चौथ्या अल्बमच्या वेळी १९७१ मध्ये केलेलं, तेव्हा बाजूला पडलं, मग 'फिजिकल ग्राफिटी'त घातलं. त्यात ऑर्गन आहे, तो पेटीवर निघतो. फक्त गायकाला दोन सूर खाली आणून द्या, नाहीतर त्याचं काही खरं नाही.

पेटीवाले_काका (अनगोळ)

पेटीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

सर्वात आधी तुमची पेटी ४४० ला (ए सुराची सेकंदाला ४४० कंपनं) आहे का ते बघा. जुन्या पेट्या बऱ्याचदा थोड्या चढ्या किंवा उतरलेल्या असतात. गिटारवाले मोबाइलच्या ट्यूनरवर लावतात, पेटी आपल्या जागी असते, आणि मग कुणाचं चुकलं यावर भांडणं. पेटी स्टेजवर हलवता येत नाही, गिटार येते. तेव्हा पेटीची पांढरी सहा, म्हणजे ए, दाबून धरा, ट्यूनर किती दाखवतो ते बघा आणि ट्यूनरचा आधारसूर तेवढाच करून घ्या. ४४३ निघाला तर सगळ्या गिटार, बेस आणि तबला ४४३ ला.

'द रेन साँग' घ्या, असं माझं मत. अगदीच अनोळखी नाही हे मान्य, पण आपल्याकडे ते कोणी वाजवत नाही. १९७३ च्या 'हाउसेस ऑफ द होली'वर आहे, साडेसात मिनिटांच्या वर. त्यातले तंतुवाद्यांसारखे सूर खऱ्या व्हायोलिनचे नव्हेत, जोन्सने मेलोट्रॉन वाजवलाय. त्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली रेकॉर्ड केलेल्या टेपचा तुकडा असतो, आठेक सेकंद चालतो आणि संपतो. पेटीला ती अडचण नाही, भाता हातात आहे तोवर सूर धरता येतो. पण पेटीवर चार सूर एकदम दाबले की आवाज जाड होतो आणि गिटारचे बारीक सूर त्याखाली बुडतात. दोनच सूर धरा, तेही मंद्रात नको. भाता अर्धाच चालवा. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही वाजवणारी सोय) असेल तर बंद ठेवा.

'इन द लाइट' म्हणून 'फिजिकल ग्राफिटी'वर एक आहे, पावणेनऊ मिनिटांचं. ते त्यांनी स्टेजवर कधीच वाजवलं नाही. सुरुवातीला जो सतत चालणारा सूर आहे त्यासाठी पेजने अकूस्टिक गिटारवर व्हायोलिनचा गज फिरवला होता. मिरज आपल्याला काही लांब नाही, तिकडचा तानपुरा कुणाच्या तरी घरी सापडेलच. सुरुवात तानपुऱ्यावर करा, जोन्सच्या सिंथेसायझरची ओळ पेटीवर, एकट्याने, तालाशिवाय, आलापासारखी. तबला मागाहून येऊ द्या. पूर्ण पावणेनऊ मिनिटं ओढायची गरज नाही.

पावसाळ्यात पेटीच्या पट्ट्या फुगून एकमेकींना घासतात, दाबलेली पट्टी वर येत नाही आणि सूर वाजतच राहतो. तेल सोडू नका, धूळ चिकटून आणखी बिघडेल. झाकणाच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पेटी रोज अर्धा तास वाजवा. तरी अडकली तर पट्ट्या काढून बाजू पॉलिशपेपरने हलक्या हाताने घासून घेणाऱ्याकडेच द्या.

खानापूर_कॅपो

काका म्हणतात ते 'रेन साँग' घ्याच. त्याचं ट्यूनिंग डी-जी-सी-जी-सी-डी. जी ला सा धरला तर प सा म सा म प. नेटवर मात्र दुसरं ट्यूनिंगही सापडेल, ई-ए-डी-ए-डी-ई. तेही खोटं नाही, स्टेजवर झेपेलिन ते एक सूर वर, ए मध्ये वाजवायचे. पण अकूस्टिकवर तसं लावू नका. दुसरी तार बी वरून डी वर न्यावी लागते, ताण सुमारे ४० टक्के वाढतो, तिसरीचा पंचवीसेक टक्के. तार तुटली नाही तर ब्रिज (तारा अडकवलेली खालची पट्टी) उचलायला लागतो, आणि पावसाळ्यात गिटारचं पुढचं लाकूड आधीच ओल पिऊन फुगलेलं असतं. ए मध्येच हवं असेल तर खालच्या ट्यूनिंगला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, हिशोब तोच. तुमच्या गायकाला मात्र जी बरा. कॅपो लावल्यावर एकदा परत सूर तपासा, सैल जाड तारा कॅपोखाली चढतात.

आणखी दोन. 'दॅट्स द वे', तिसऱ्या अल्बमवरचं: ओपन जी, म्हणजे डी-जी-डी-जी-बी-डी. रेकॉर्डवर ते अर्धा सूर खाली आहे. रेकॉर्डबरोबर वाजवून बघाल तेव्हा जुळणार नाही, घाबरू नका. वेल्समधल्या वीज नसलेल्या एका घरात १९७० मध्ये हे गाणं सुचलं, घराचं नाव ब्रॉन-यर-ऑर. मॅन्डोलिन असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर दुसऱ्या गिटारवर सातव्या फ्रेटच्या वर दोन-दोन सूर.

दुसरं 'ब्लॅक माउंटन साइड', १९६९ चा पहिला अल्बम. डी-ए-डी-जी-ए-डी, सा प सा म प सा. यावर मुळातच तबला आहे, विराम जसानींनी वाजवलेला. त्यामुळे 'रॉकमध्ये तबला कशाला' म्हणणाऱ्याला उत्तर तयार. सव्वादोन मिनिटांचं आहे.

सोपं काही हवं असेल तर 'हे हे व्हॉट कॅन आय डू'. सरळ ट्यूनिंग, ए-जी-डी. १९७० मध्ये 'इमिग्रंट साँग'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं, त्या काळातल्या कुठल्याच अल्बमवर नव्हतं, म्हणून अल्बम लावून ऐकणाऱ्यांना ते भेटतच नाही. तुमच्या गायकासाठी सगळं एक सूर खाली आणा: जी-एफ-सी. निपाणीकरांचा पांढरी दोनचा तबला तिथे पंचमात बसतो.

निपाणीचा_ठेका

हो की. 'दॅट्स द वे'ला मात्र तबलजीने हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. रेकॉर्डवर ड्रम नाहीत. फारच हात शिवशिवले तर शेवटच्या मिनिटाला नुसता डग्गा, हलका.

शहापूर_सहातारा (बेळगाव)

सगळ्यांचे आभार. काका, पेटी तपासली, ४४२ निघाली. आता क्रम असा लावलाय: पहिली गिटार सी-ए-सी-जी-सी-ई वर कायम. सुरुवात 'ब्रॉन-यर-ऑर'ने, मग 'फ्रेंड्स', 'पुअर टॉम'. नंतर दुसरी गिटार: 'हे हे', 'ब्लॅक माउंटन साइड', 'दॅट्स द वे', शेवटी 'रेन साँग'. 'फोर स्टिक्स' सरावात जमलं तर मध्ये, नाहीतर नाही. 'इन द लाइट' तानपुरा मिळाला तर. चालेल काय?

खानापूर_कॅपो

गाणी बरोबर, क्रम बदला गा. 'ब्रॉन-यर-ऑर' सुरुवातीला वाया घालवू नका. मांडवात लोक अजून खुर्च्या ओढत असतात, एकट्या गिटारचं ते कोणाला ऐकूच जाणार नाही. ते एकट्याचं गाणं आहे, म्हणजे दुसऱ्या गिटारवाल्याला खुंट्या पिळायला मिळालेली दोन मिनिटं. ते मध्ये ठेवा.

'फ्रेंड्स'ने उघडा, आवाज भरलेला आहे. मग 'हे हे', दुसरी गिटार सरळ. 'पुअर टॉम' पहिल्या गिटारवर चालू असताना दुसऱ्याने सहावी, दुसरी आणि पहिली तार दोन-दोन फ्रेट उतरवायची: डी-ए-डी-जी-ए-डी तयार. 'ब्लॅक माउंटन साइड'. आता पहिला 'ब्रॉन-यर-ऑर' वाजवतो, तेवढ्यात दुसऱ्याने पाचवी दोन फ्रेट खाली, दुसरी दोन वर, झालं ओपन जी. 'दॅट्स द वे'. तिथून 'रेन साँग'ला फक्त दोन खुंट्या: चौथी दोन फ्रेट खाली, दुसरी एक वर. तेवढं गायक चार वाक्यं बोलतोय तोवर होतं. मुंबईच्या रेकॉर्डिंगची गोष्ट तिथे सांगायला लावा.

तार खाली आणायची असेल तेव्हा हव्या त्या सुराच्याही खाली न्या आणि मग वर चढवत सुरावर थांबवा. वरून खाली येत थांबलात तर नटमध्ये अडकलेला ताण पहिल्या दोन स्ट्रोकमध्ये सुटतो आणि सूर उतरतो. नटच्या खाचेत पेन्सिलची नोक फिरवून ठेवा. ट्यूनर डोक्याला अडकवायचा चिमटावाला घ्या, मोबाइलचा नको, मांडवातल्या गोंगाटात तो पेटीचाच सूर पकडतो. आणि त्यावर ४४२ करून ठेवायला विसरू नका. काही ट्यूनर बंद-चालू केले की परत ४४० वर जातात, तेवढं घरीच बघून घ्या.

पेटीवाले_काका (अनगोळ)

'रेन साँग'च्या मधल्या जोरकस भागात पेटी पूर्ण बंद ठेवा. तिथे तबला, बेस आणि दोन्ही गिटार पुरेशी आहेत. पहिल्या गिटारवाल्याने सी च्या ट्यूनिंगमध्ये पाचवी आणि सहावी तार सोडून द्यायची, वरच्या चार तारा सी-जी-सी-ई आहेत, त्यातल्या पहिल्या तीन 'रेन साँग'च्या ट्यूनिंगशी तंतोतंत जुळतात. पहिली ई तेवढी दोन फ्रेट उतरवून डी केली की दोघांची बोटं एकाच जागी पडतील. शेवट 'रेन साँग'वरच असल्यामुळे ती तार परत चढवायचीही गरज नाही.